युद्धकाव्य, इंग्रजी : राष्ट्रभक्ती व धर्मप्रतिमा

पहिल्या महायुद्धकाळातील (१९१४–१८) इंग्रजी काव्यात बलिदान, शुद्धी व पुनरुत्थान या ख्रिस्ती कल्पनांची राष्ट्रभक्तीशी सांगड घातलेली आढळते. रूपर्ट ब्रुकच्या (१८८७–१९१५) पाच सुनीतांत रणातील मृत्यू पवित्र ठरतो. त्यांपैकी ‘द सोल्जर’ हे सुनीत १९१५ च्या ईस्टरला लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधील प्रवचनात वाचले गेले. त्याच महिन्यात ब्रुक रक्तदोषाने वारला. ही सुनीते सफाईदार आहेत. तथापि जखमी देह व मारावयाचा शत्रू त्यांत जवळजवळ नाहीत.

सीगफ्रीड ससून (१८८६–१९६७) व विल्फ्रेड ओएन (१८९३–१९१८) यांनी धर्मप्रतिमा टाकल्या नाहीत, त्यांचा रोख बदलला. ससूनच्या ‘द रिडीमर’मध्ये फळ्या वाहणारा चिखलाने माखलेला सैनिकच ख्रिस्तरूप दिसतो, तर ‘दे’मध्ये युद्धाचे समर्थन करणाऱ्या बिशपचा उपहास आहे. ओएनने अब्राहाम–इसहाक कथेचा शेवट उलटविला : देवदूताने सांगूनही वृद्ध पिता आपल्या गर्वाऐवजी पुत्राचाच बळी देतो. दोष येथे श्रद्धेचा नव्हे, तर तिच्या नावाने तरुणांना मरणास धाडणाऱ्या वडीलधाऱ्यांचा आहे.

सैनिकाला ख्रिस्त मानल्याने तो मारणाराही असतो, ही गोष्ट मात्र झाकली जाते. ‘स्ट्रेंज मीटिंग’मध्ये मारल्या गेलेल्या शत्रूलाच बोलते करून ओएन या मर्यादेपलीकडे गेला. युद्धविरामाच्या आठवडाभर आधी तो लढाईत मारला गेला. बेंजामिन ब्रिटनने ‘वॉर रिक्विएम’मध्ये (१९६२) त्याच्या कविता लॅटिन मृतप्रार्थनेशेजारी योजून हा ताण संगीतातही जागा ठेवला.