ठिपके नसलेले पिल्लू

'१०२ डाल्मेशियन्स' (२०००) या चित्रपटावर कोणी संशोधनपर लिहावे, हे वाचकांना विचित्र वाटेल. मुलांचा चित्रपट, तोही दुसरा भाग, त्यात कुत्री आणि स्वतःला कुत्रा समजणारा बोलका पोपट! एवढ्यावर निकाल लागतो. मला मात्र त्यात एक धाडसी कल्पना दिसते आणि शेवटी त्या धाडसापासून घेतलेली माघारही दिसते.

डोडी स्मिथ यांची मूळ कादंबरी १९५६ची. त्यांनी पुढे तिचा उत्तरभागही लिहिला. पण केव्हिन लिमा दिग्दर्शित या चित्रपटाची कथा त्यावरून घेतलेली नाही. इथे क्रुएला द व्हिल (ग्लेन क्लोज) तुरुंगातून सुटते ती डॉ. पावलोव्हच्या उपचारांनी सुधारून. आता तिला कुत्री प्रिय, फर नकोशी; नावही 'एला'. मग बिग बेनचे टोले पडतात आणि सारा उपचार उतरतो. रशियन शास्त्रज्ञाचा प्रयोग कुत्र्यांवर होता, इथे कुत्र्यांच्या वैरिणीवर आहे, हा विनोद चांगलाच आहे. पण त्यात पळवाटही आहे. कुत्र्यांचे आश्रयघर चालवणारा केव्हिनही तुरुंगात जाऊन आलेला. त्याच्या आश्रयघराचे नाव 'सेकंड चान्स'. त्याच्या बाबतीत चित्रपट माणसाच्या बदलावर विश्वास ठेवतो आणि क्रुएलाच्या बाबतीत घड्याळावर.

जेरार दपार्दियचा फरसम्राट ल पेल्ट मला अनावश्यक वाटतो. एका खलनायिकेची जरब दोघांत वाटली की तिचा फॅशन शो होतो. अँथनी पॉवेल यांच्या वेशभूषेला ऑस्कर नामांकन मिळाले ते योग्यच; पण फरविरोधी चित्रपटात डोळे दिपवतात ते खलनायिकेचे कपडे, हेही नोंदवायला हवे.

खरी नायिका ऑडबॉल. डाल्मेशियनची पिल्ले पांढरीच जन्मतात, ठिपके काही आठवड्यांत उमटतात. हिला उमटतच नाहीत. ती खंतावते, मग तिला ठिपक्यांचा स्वेटर घालतात. खरे तर ठिपक्यांच्या कोटासाठी कातडी जमवणाऱ्या बाईच्या लेखी हे पिल्लू बिनकामाचे. ज्या उणिवेने ते झुरते, तीच त्याचे चिलखत ठरावी, ही कल्पना मोठ्यांच्या कितीतरी चित्रपटांना सुचलेली नाही.

हा चित्रपट मी पहिल्यांदा व्हीसीडीवर पाहिला, आठ वर्षांच्या भाचीबरोबर. तिला कोड होते. बहीण तिला भर मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घाली, आणि कोणी विचारले तर 'तिला ऊन बाधते' असे सांगे. ऑडबॉलचा स्वेटर दिसला तशी भाची माझ्याजवळून उठून टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसली. पुढची पळापळ, पॅरिसची बेकरी, क्रुएलाचा केक, यांवर ती हसलीही नाही. ती पिल्लालाच शोधत होती.

आणि शेवटी चित्रपटाने ऑडबॉलच्या अंगावर ठिपके उमटवले. बिनठिपक्यांनी सारे शौर्य गाजवल्यावर! पटकथेला त्या ठिपक्यांची काहीच गरज नव्हती. पडद्यावर सगळे आनंदले होते.

भाचीने मागे वळून विचारले, "मामा, हिला आले. ज्यांना नाही येत त्यांनी स्वेटर घालूनच राहायचं का?"

बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही. मीही उठून सीडी बाहेर काढली.