सूचीबाहेरचे ग्रंथ

ग्रंथालयाने बाद केलेले पुस्तक रद्दीतून उचलून घरी नेणाऱ्या वाचकाकडे आपले समीक्षक कौतुकाने पाहतात खरे, पण त्या कौतुकात दयेचाच अंश अधिक असतो. हा गृहस्थ ग्रंथवेडा आहे, रसिक नव्हे, असा त्यांचा अभिप्राय. तो मला उतावीळपणाचा वाटतो.

म्हैसूरजवळ, पांडवपूर तालुक्यातील हरळहळ्ळी गावी अंके गौडा यांनी उभारलेले ‘पुस्तक मने’ पाहावे. मने म्हणजे घर. साखर कारखान्यात नोकरी केलेल्या या गृहस्थांनी वेतनाचा बहुतांश ग्रंथांवर वेचला. म्हैसूरची मालमत्ताही विकली. तेथील सुमारे 20 लक्ष ग्रंथ कोणालाही विनामूल्य खुले आहेत. मात्र त्यांतील पुष्कळसे जमिनीवर रचलेले आणि पोत्यांत बांधलेले. हवे तेव्हा न सापडणारे पुस्तक असून नसल्यासारखेच, हा आक्षेप येथे सहज सुचतो, आणि तो खोटाही नाही.

तथापि रंगनाथन यांच्या 1931 सालच्या पंचसूत्रीत वाचकाचा वेळ वाचविण्याची जशी आज्ञा आहे, तशीच प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळवून देण्याचीही आहे. या दोन सूत्रांचे नेहमीच जमते असे नाही. सूची पहिल्या आज्ञेची सेवा करते. ढिगारा, अडाणीपणाने का होईना, दुसरीची. म्हैसूरचेच ए. के. रामानुजन 1962 साली शिकागो विद्यापीठाच्या हार्पर ग्रंथालयाच्या तळघरात प्राचीन तमिळचे व्याकरण शोधावयास गेले. हाती आले ते उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी 1937 साली संपादिलेले ‘कुरुंतोगै’. ती भाषा त्यांनी शिकलेलीही नव्हती. त्या भेटीतून 1967 साली ‘द इंटीरियर लँडस्केप’ हा अनुवादसंग्रह झाला. मागितलेलेच पुस्तक तेवढे मिळाले असते, तर?

येथे भाबडेपणा मात्र नको. तंजावर भागातील एका पंडिताने दिलेली ‘अर्थशास्त्रा’ची पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात 1905 च्या सुमारास शामशास्त्र्यांच्या हाती पडली आणि 1909 साली छापून निघाली, याचे कारण तेथील ग्रंथपाल ती वाचू शकत होता. ‘पुस्तक मने’स फडताळांहून अधिक निकड आहे ती अशा माणसाची.

मीही या वेडातला आहे, हे लपवीत नाही. म्हैसूरच्या एका रद्दीवाल्याकडे मला एका कन्नड कादंबरीचा मराठी अनुवाद मिळाला. वर कुठल्याशा वाचनालयाचा ‘रद्द’ असा शिक्का, आत परतीच्या तीन तारखा. तिघांनी तो घरी नेला होता. पण शंभराव्या पृष्ठापुढची पाने छापखान्यातून आली तशी जोडलेलीच होती. ती मी चाकूने कापून घेतली.