गेम इंजिने आणि निष्ठेची भाषा

संगणकीय खेळ ज्या सिद्ध साधनसंचावर रचले जातात त्यास 'गेम इंजिन' म्हणतात. प्रकाश, हालचाल, टक्कर, ध्वनी यांची व्यवस्था प्रत्येक खेळासाठी नव्याने न लिहिता त्यातून घेता येते. अनरिअल (१९९८), युनिटी (२००५) आणि २०१४ पासून सर्वांस खुले झालेले गोडो ही त्यांतील प्रमुख नावे होत. साधनांची तुलना गुणदोषांवरून व्हावयास हवी. परंतु यांचे अनुयायी ज्या अभिनिवेशाने वाद घालतात, तो शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींचा सामना पाहिलेल्या कोल्हापूरकरास ओळखीचा वाटेल.

हे साम्य मात्र वरवरचे आहे. तालमीची निष्ठा बहुधा पेठेबरोबर जन्मतःच येते. इंजिन कष्टाने शिकावे लागते. म्हणून त्याची निष्ठा शिकलेल्या भाषेवरील निष्ठेशी अधिक जुळते. खेळातील एखादी वस्तू युनिटीत 'गेमऑब्जेक्ट', अनरिअलमध्ये 'ॲक्टर' तर गोडोत 'नोड' या नावाने वावरते. हे निव्वळ पर्यायशब्द नव्हेत. युनिटीतील वस्तू हे जवळजवळ रिकामे पात्र असून गुणधर्म तिला बाहेरून जोडावयाचे असतात. गोडोत एकेक काम करणाऱ्या नोडांचा वृक्ष उभारावयाचा असतो. पाच वर्षे एका रीतीने विचार केलेल्यास दुसरी रीत केवळ निराळी न वाटता चुकीचीच वाटू लागते.

वाइनराइख यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भाषानिष्ठेची चर्चा केली आहे. भाषेवर संकट आले म्हणजे ही निष्ठा प्रखर होते, हे आपणही सीमाभागात पाहिले आहे. येथे गंमत अशी की संकट घरातूनच आले. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने खेळाच्या प्रत्येक नव्या स्थापनेमागे शुल्क घेण्याचे घोषित केले. मोठा क्षोभ उसळला, काहीजण गोडोकडे वळले, आणि वर्षभराने ते शुल्क रद्द झाले. जे राहिले ते सारेच संतुष्ट होते असे नव्हे. शिकलेले सोडून देणे महाग पडते, आणि या खर्चासच पुष्कळदा निष्ठा असे नाव मिळते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) हा खेळ अनरिअलवर रचलेला आहे. पण त्याचे श्रेय इंजिनास देणे म्हणजे ग्रंथाचे श्रेय दौतीस देण्यासारखेच होय.

माझा खरा आक्षेप निराळा आहे. या वादांत छायाप्रकाश मोजला जातो, वेग मोजला जातो, लिपी क्वचितच. लिपीची जुळणी न करणाऱ्या व्यवस्थेत 'किल्ला' लिहिला असता वेलांटी 'क'च्या मागे पडून 'ल'ला चिकटलेली दिसते आणि पहिल्या 'ल'चा पाय मोडलेला राहतो. कारण उघड आहे: ऱ्हस्व वेलांटी साठविली जाते व्यंजनानंतर, दिसावयाची असते त्याच्या आधी. युनिटीच्या प्रचलित 'टेक्स्टमेश प्रो' साधनात ही उणीव दीर्घकाळ राहिली; गोडोत मार्च २०२३ च्या चौथ्या आवृत्तीने ती दूर केली. एका विद्यार्थ्याने मला असाच विस्कटलेला 'किल्ला' कौतुकाने दाखविला होता. इंजिनाचे नाव सांगत नाही. चूक दाखविताच तो म्हणाला, "सर, सगळे इंग्रजीतच खेळतात."

तेव्हा पुढील तुलनेत 'किल्ला', 'वाङ्मय' आणि 'वऱ्हाड' हे तीन शब्द प्रथम लिहून पाहावेत. तिसऱ्यातील 'ऱ्ह' टंकावरही अवलंबून असतो. तेथे एकट्या इंजिनास दोष देता येणार नाही.