शिखराचे नाव आणि भूगोल

अमेरिकेतील नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीने १९८९ साली चौथी ते आठवीच्या मुलांसाठी भूगोलाची देशव्यापी स्पर्धा सुरू केली. शाळा, राज्य आणि मग राष्ट्र अशा पायऱ्या चढून दहा मुले अंतिम फेरीत येत. कोविडच्या साथीमुळे २०२० ची स्पर्धा रद्द झाली आणि २०२१ मध्ये ती कायमची बंद करण्यात आली. २०१२ ते २०१९ अशी सलग आठ वर्षे भारतीय वंशाची मुले तिथे पहिली आली, म्हणून आपल्याकडेही तिचे कौतुक झाले. ते योग्यच होते, मुलांचे कष्ट खरे होते. आमची तक्रार प्रश्नांविषयी आहे.

२०१३ चा निर्णायक प्रश्न पाहा. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर असल्यामुळे तिच्या केंद्रापासून सर्वांत दूरचा बिंदू इक्वेडोरमधील एका शिखरावर आहे. त्या शिखराचे नाव काय? उत्तर होते चिंबोराझो. या प्रश्नातला भूगोल आहे तो पहिल्या अर्ध्या वाक्यात, आणि तो प्रश्नकर्त्यानेच सांगून टाकला! मुलाच्या वाट्याला उरले केवळ नाव.

खरे तर इथे एक तासभराचा पाठ दडलेला आहे. पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६३७८ कि.मी., तर ध्रुवीय त्रिज्या सुमारे ६३५७ कि.मी., म्हणजे फरक २१ कि.मी.चा. एव्हरेस्ट २८ उत्तर अक्षांशावर आहे. तिथे समुद्रसपाटीच केंद्रापासून ६३७३.४ कि.मी.वर येते. त्यात ८.८ कि.मी. उंची मिळवली की होतात ६३८२.२. चिंबोराझोची उंची अवघी ६२६३ मीटर, पण ते विषुववृत्ताला इतके जवळ आहे, की बेरीज ६३८४.४ कि.मी. होते. एव्हरेस्ट दोन किलोमीटरांहून अधिक मागे पडले. आठवीच्या मुलांना फळ्यावर ही बेरीज करायला लावली, की 'उंची कुठून मोजायची?' हा प्रश्न ती स्वतःच विचारतात.

२०१२ चा प्रश्न तर आम्हांला भूगोलाचा वाटतच नाही. डॅन्यूबकाठचे बव्हेरियातील कोणते शहर १६६३ ते १८०६ या काळात पवित्र रोमन साम्राज्याच्या विधिसभेचे ठिकाण होते? रेगेन्सबर्ग. नदीचे नाव आले एवढाच काय तो भूगोल.

व्यासपीठावर, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर निकाल द्यायचा तर वादाला जागा नसलेले एका शब्दाचे उत्तर सोयीचे असते, हे आम्ही जाणतो. पण दुसरी वाटही आहे. १९९६ साली हेगमध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय भूगोल ऑलिंपियाडमध्ये लेखी परीक्षेइतकेच वजन क्षेत्रकार्याला असते. मुले बाहेर पडून जागा पाहतात, नकाशा काढतात आणि तिथल्या अडचणींवर उपाय सुचवतात. ती मुले सोळा ते एकोणीस वयाची असतात हे खरे. तरी शाळेमागच्या ओढ्याचा नकाशा सहावीची मुलेही काढू शकतात.

आणखी एक गोष्ट खटकते. अमेरिकेतील स्पर्धेच्या एकतीस वर्षांत मुलगी पहिली आली ती दोनदाच, १९९० आणि २००७ मध्ये. याला स्पर्धेची घडण किती कारण आणि घराघरांतले वळण किती, हे आम्ही ठरवू शकत नाही. पण आपल्या शाळेच्या प्रश्नमंजूषेच्या संघात मुली किती असतात, ते शिक्षकांनी मोजून पाहावे.

आपल्याकडच्या बहुतेक प्रश्नमंजूषा राजधान्या, नद्या, सर्वांत मोठे, सर्वांत लांब यांवरच चालतात. पुढच्या खेपेला एक प्रश्न असा घालून पाहा: किलिमांजारोची उंची ५८९५ मीटर, एव्हरेस्टपेक्षा जवळजवळ तीन हजार मीटरने कमी. तरीही त्याचा माथा पृथ्वीच्या केंद्रापासून एव्हरेस्टहून दूर आहे. का? उत्तरासाठी दहा मिनिटे, कागद आणि नकाशासंग्रह द्यावा.