ब्रेक फेल की पायाची चूक? कुर्ल्याच्या बसवरून थोडं पुराव्याबद्दल

मागच्या महिन्यात आमच्या रबाळ्यात एक किरकोळ अपघात झाला. ठाणे-बेलापूर रस्त्यावर सिग्नलला उभ्या असलेल्या टेम्पोला मागून एक नवीकोरी इलेक्ट्रिक कार जाऊन धडकली. गाडी आमच्याच सोसायटीतल्या एका काकांची. घेऊन तीन आठवडेही झाले नव्हते. कुणाला लागलं नाही, पण बंपर आणि बॉनेट गेलं. काकांचं म्हणणं, “मी ब्रेकवरच होतो, ब्रेक लागलाच नाही.” दोन दिवसांनी सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं, “सिस्टीममध्ये फॉल्ट दिसत नाही, म्हणजे तुमचा पाय चुकला असेल.” मग संध्याकाळी खाली बाकड्यावर मला विचारणा झाली: तू यातच पीएचडी करतेस ना, मग सांग कोण बरोबर?

मी म्हटलं, आत्ता तरी दोघंही नाहीत. काकांना ते आवडलं नाही. पण तुम्ही पेटची किंवा नेटची तयारी करत असाल, उद्या प्रपोजल लिहायला बसणार असाल, तर हे भांडण नीट बघा. “ब्रेक फेल झाला” हे कुणी पाहिलेलं नसतं. पाहिलेलं एवढंच असतं की गाडी अपेक्षेप्रमाणे थांबली नाही. आणि “पाय चुकला” हेही सर्व्हिस सेंटरने पाहिलेलं नाही. त्यांना फॉल्ट कोड सापडला नाही, एवढंच त्यांनी पाहिलं. मधली उडी दोघांनी आपापल्या सोयीने मारली.

“गाडी थांबली नाही” याच्या पोटात निदान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. पहिली, पेडल दाबलं पण चाकावर जोर आलाच नाही. हा खरा ब्रेक फेल. दुसरी, पेडल दाबलं ते ब्रेकचं नव्हतंच. तिसरी शक्यता इलेक्ट्रिक गाड्यांनी आणली आहे. या गाडीत ऍक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर उलट जनरेटरसारखी चालते, वीज बॅटरीत परत जाते आणि गाडी आपोआप मंदावते. चार दिवसांत पायाला याची सवय होते. पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर वीज ठेवायला जागा नसते, मग बऱ्याच गाड्यांमध्ये हे मंदावणं कमी होतं. पाय तोच, रस्ता तोच, पण गाडी कालच्यासारखी आवरत नाही. घर्षणाचे ब्रेक ठणठणीत असतात. माणसाला मात्र शपथेवर वाटतं की ब्रेक कमी पडला.

याला नुसता मनाचा खेळ म्हणून सोडून देता येत नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये टोयोटाने प्रियस आणि इतर हायब्रिड गाड्या जगभरातून परत बोलावल्या, चार लाखांहून जास्त. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर मोटरच्या ब्रेकिंगकडून हायड्रॉलिक ब्रेककडे जाताना क्षणभर ब्रेक सुटल्यासारखा वाटायचा. आधी कंपनीचा सूर असा होता की हा चालकाच्या जाणिवेचा प्रश्न आहे. शेवटी एबीएसचं सॉफ्टवेअर बदलावं लागलं. म्हणजे तक्रार करणाऱ्यांचा “ब्रेक फेल” हा शब्द चुकीचा होता, तक्रार बरोबर होती.

हे सगळं ज्या प्रकरणामुळे माझ्या डोक्यात बसलं ते कुर्ल्याचं. ९ डिसेंबर २०२४, रात्री साडेनऊच्या सुमारास, कुर्ला पश्चिमेच्या एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टची ३३२ क्रमांकाची बारा मीटर लांबीची इलेक्ट्रिक बस साधारण चारशे मीटर माणसं आणि वाहनं उडवत गेली. आधी सात, पुढे उपचारांदरम्यानचे धरून नऊ माणसं गेली. चाळीसच्या वर जखमी. बस काही महिन्यांपूर्वीच रस्त्यावर आलेली आणि भाडेतत्त्वावरची, म्हणजे बस आणि चालक दोन्ही कंत्राटदाराचे. चालकाला अटक झाली. पहिल्या काही तासांत सगळीकडे एकच शब्द होता, ब्रेक फेल. नंतर आरटीओच्या तपासणीत ब्रेक चालू स्थितीत आढळल्याच्या बातम्या आल्या आणि शब्द बदलला: चालकाची चूक. बचाव पक्षाने न्यायालयात बिघाडाचा मुद्दा मांडला. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. मला त्या दोन शब्दांतल्या अदलाबदलीबद्दल बोलायचंय.

आधी पहिला शब्द. मोठ्या बसला एअर ब्रेक असतात. त्यांची रचना अशी की हवा गळून दाब फार उतरला तर मागच्या चाकांवरचे स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळले जातात. म्हणजे या व्यवस्थेतला सगळ्यात साधा बिघाड बस उभी करतो, पळवत नाही. ब्रेक तापून निकामी होणं हा घाटातला आजार. बोरघाट उतरणाऱ्या लोडेड ट्रकबद्दल तो संशय रास्त आहे, कुर्ल्याच्या सपाट, गर्दीच्या रस्त्यावर नाही. शिवाय ब्रेक नुसता गेला असता तर बस घरंगळत गेली असती. गर्दीत एकामागून एक वाहनांना धडकत चारशे मीटर जायला मागून जोर लागतो. म्हणून ब्रेक फेल ही गृहीतकं तपासण्याच्या यादीत असावी, पण वरच्या क्रमांकावर नाही.

आता दुसरा शब्द. इथे माझी तक्रार जास्त आहे, कारण हा शब्द शास्त्रीय वाटतो. अपघातानंतर ब्रेक चालतोय म्हणून अपघाताच्या क्षणी चालत होता, हे अनुमान बहुतेक वेळा बरोबर निघतं. पण क्षणिक बिघाड उभ्या गाडीच्या तपासणीत सापडत नाही. प्रियसचा दोष गॅरेजमध्ये उभ्या गाडीत दिसला नसता. आणि ब्रेक ठीक होता म्हणून चालक चुकला, ही तर वजाबाकी झाली. वजाबाकीने उत्तर काढायचं तर आधी सगळ्या शक्यता मोजलेल्या असाव्या लागतात.

चुकीच्या पेडलचा सिद्धांत ज्याच्या नावावर आहे त्या रिचर्ड श्मिटचा १९८९ चा ‘ह्यूमन फॅक्टर्स’ नियतकालिकातला लेख या विषयात सगळे उद्धृत करतात. पार्श्वभूमी ऑडी ५००० ची. १९८६ साली अमेरिकेत ही गाडी आपोआप सुसाट सुटते म्हणून गदारोळ झाला होता. श्मिट मूळचा शरीराच्या हालचालींचा अभ्यासक. त्याचं म्हणणं असं: चालक चुकीचं पेडल निवडत नाही. तो ब्रेकच निवडतो, पण पाय नेमका तिथे पोचत नाही, कारण स्नायूंनी दिलेला झटका दर वेळी थोडा वेगळा असतो. मेंदूने हुकूम ब्रेकचा दिलेला, त्यामुळे माणसाला खात्री असते की आपण ब्रेकवर आहोत. गाडी सुटली की तो ‘ब्रेक’ आणखी जोरात दाबतो. घाबरलेल्या अवस्थेत पाय उचलून बघायचं सुचत नाही आणि हे कित्येक सेकंद चालू राहू शकतं.

पहिल्यांदा वाचला तेव्हा मी या लेखावर फिदा होते. अजूनही त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: चालक खोटं बोलतोय असं मानण्याची गरज तो काढून टाकतो. पण दुसऱ्या वाचनात गाईडने एकच प्रश्न विचारला, “हे चुकीचं आहे असं कधी दिसेल?” आणि मी अडकले. चालक म्हणाला पाय चुकला, तर सिद्धांत बरोबर. चालक म्हणाला मी ब्रेकवरच होतो, तरी सिद्धांत बरोबर, कारण तो असंच म्हणणार हे सिद्धांतानेच सांगून ठेवलंय. गाडीत दोष सापडला नाही की पुन्हा बरोबर. एकेका अपघातावर लावताना हा सिद्धांत कशालाच नाही म्हणत नाही. श्मिटचा आधार होता प्रयोगशाळेतल्या नेम धरायच्या हालचाली आणि अपघातांचे अहवाल. पेडलवर पाय कुठे होता याची स्वतंत्र नोंद तेव्हाच्या गाड्यांत नव्हती.

ती नोंद आली आणि मग सिद्धांताला खरा आधार मिळाला. १ जुलै २०२४ ला सोलमध्ये सिटी हॉलजवळ एक कार लोकांमध्ये घुसली, नऊ जण गेले. चालक अडुसष्ट वर्षांचा आणि पेशाने बसचालक. ब्रेक दगडासारखा कडक झाला होता, गाडी थांबेना, असं तो सांगत राहिला. तपासात गाडीच्या रेकॉर्डरमध्ये ऍक्सिलरेटर दाबलेला दिसला. एवढ्यावर थांबले असते तर आक्षेप उरला असता: ज्या यंत्रावर संशय त्याचीच साक्ष कशी धरायची? पण सीसीटीव्हीतही ब्रेकचे दिवे बंद होते आणि चालकाच्या बुटाच्या तळाला ऍक्सिलरेटरचा ठसा सापडला. सॉफ्टवेअर, रस्त्यावरचा कॅमेरा, रबराचा तळवा. तिन्ही एकाच वेळी एकाच दिशेने खोटं बोलतील असं मानायला फार मोठा योगायोग लागतो. चांगला पुरावा म्हणजे काय हे शिकायला मला एखाद्या मेथडॉलॉजीच्या पुस्तकापेक्षा त्या बुटाचा जास्त उपयोग झाला.

अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा यंत्रणेने जानेवारी २०२१ मध्ये टेस्लाबद्दलची ‘गाडी आपोआप सुटते’ ही तक्रार-याचिका फेटाळली ती याच पद्धतीने, दोनशेच्या वर प्रकरणं पाहून आणि उपलब्ध नोंदींत पेडलचीच चूक दिसली म्हणून. मला तो निष्कर्ष पटतो. तरी टोयोटाचं उदाहरण शेजारी ठेवूनच वाचा. २०११ मध्ये नासाच्या अभियंत्यांना टोयोटाच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये गाडी सुसाट सुटण्याचं कारण सापडलं नाही. २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या ज्युरीने, सॉफ्टवेअर तज्ज्ञाची साक्ष ऐकून, कंपनीला जबाबदार धरलं. “सापडलं नाही” हे वाक्य किती शोधलं यावर अवलंबून असतं.

परत कुर्ल्याकडे येते. धरून चालू की पायच चुकला. मग संशोधन संपलं का? माझ्या मते तिथे ते सुरू होतं. बातम्यांनुसार हा चालक आधी क्लच-गिअरच्या लहान बस चालवायचा आणि या मोठ्या ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक बसवर थोड्याच दिवसांच्या प्रशिक्षणानंतर आला. डाव्या पायाला वर्षानुवर्षं असलेलं काम एकदम गेलं. इंजिनाचा आवाज गेला, जो चुकीचं पेडल दाबल्यावर माणसाला सगळ्यात आधी सावध करतो. मोटरचा जोर शून्य वेगापासून मिळायला लागला. मग किती दिवसांचं प्रशिक्षण पुरतं? ते कंत्राटात कोण लिहितं आणि कोण तपासतं? गर्दीच्या रस्त्यावर मोटरच्या जोराला मर्यादा का नसावी? “मानवी चूक” असा शिक्का मारला की यातला एकही प्रश्न उरत नाही, आणि शिक्षा फक्त पायाला होते.

ऑडीच्या वेळी काय झालं ते आठवा. निष्कर्ष निघाला चालकांच्या पायाचा, पण बदल गाडीत झाला. ब्रेक दाबल्याशिवाय पार्किंगमधून गिअर हलणारच नाही असं कुलूप बसवलं गेलं. आज जवळपास प्रत्येक ऑटोमॅटिक गाडीत ते असतं. चूक माणसाची आणि दुरुस्ती यंत्राची, यात काहीच विसंगत नाही. आपल्याकडच्या चर्चेत मात्र यंत्र निर्दोष ठरलं की फाईल बंद.

नोंदीचाही प्रश्न आहेच. युरोपात जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलच्या कारमध्ये अपघाताची नोंद ठेवणारा रेकॉर्डर सक्तीचा आहे. अशा रेकॉर्डरमध्ये साधारणपणे धडकेआधीची पाच सेकंदं असतात. कारसाठी ठीक, पण चारशे मीटर जाणाऱ्या बसला पाच सेकंदांत काय सांगता येणार? मूळ चूक त्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

काकांना मी तीन गोष्टी विचारल्या. पेडल खाली गेलं होतं की कडक लागलं? तेव्हा पायात काय होतं? आणि सकाळी निघताना चार्ज किती होता? पहिल्याचं उत्तर त्यांना आठवेना. पायात सँडल. तिसऱ्यासाठी त्यांनी ऍप उघडून दाखवलं, रात्रभर चार्जिंग, सकाळी शंभर टक्के. आदल्या आठवड्यात ते ऐंशीलाच थांबवायचे. एवढ्यावरून तिसरी शक्यता सिद्ध होत नाही, पण ती आता यादीत आली. धडकेआधीच्या पेडलच्या नोंदी मिळाव्यात म्हणून आम्ही मिळून कंपनीला पत्र लिहिलंय. त्यात “ब्रेक फेल” हा शब्द काकांनी स्वतःच खोडला आणि “पाय उचलल्यावर गाडी रोजच्याइतकी मंदावली नाही” असं लिहिलं. उत्तर आलं की इथे कळवेन.