मसल बॉनेटवर की बॉनेटखाली?

“दादा, थार घेऊ का?”

मामाच्या मुलाचा व्हॉइस मेसेज एवढाच. मी गाड्यांवर काहीबाही लिहितो हे त्याला माहीत आहे, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. त्याच्यामागोमाग एक रीलही आली. काळी थार, काळ्या काचा, चिखल उडवत येते आणि खाली अक्षरं झळकतात : ‘इंडियन मसल’.

गाडी घ्यायला पैसे कुठून आले, हे विचारायची गरज नव्हती. आमचं घर सायवनला, मामाचं तलासरी तालुक्यात. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यातून बुलेट ट्रेनची मार्गिका जाते, वडोदरा-मुंबई एक्सप्रेसवेही जातो. मामाच्या भातशेतीचा एक तुकडा एक्सप्रेसवेत गेला आणि मोबदला खात्यात जमा झाला. वाडवडिलांपासून कसलेली जमीन आता बँकेच्या मेसेजमधला एक आकडा झाली आहे, आणि तो आकडा गाडी मागतो आहे.

त्याला उत्तर द्यायच्या आधी मला त्या रीलमधल्या शब्दाशीच भांडायचं आहे. मसल कार म्हणजे नक्की काय? आजच्या कुठल्या गाडीला हे नाव शोभतं? प्रश्न वरवरचा वाटेल, पण या शब्दाच्या भरवशावर लाखो रुपये खर्च होत आहेत.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, १९६४ साली. जनरल मोटर्स कंपनीचा तेव्हा एक अंतर्गत नियम होता : मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा, म्हणजे साधारण ५.४ लिटरपेक्षा, मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टिॲकमधल्या जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यातून पळवाट काढली. नवीन मॉडेल काढलं तर वरून मंजुरी लागेल, म्हणून त्यांनी ‘टेम्पेस्ट’ या साध्यासुध्या घरगुती गाडीवर एक ‘ऑप्शन’ देऊ केला. सुमारे ३०० डॉलर जादा भरा आणि त्याच गाडीत ३८९ घनइंचांचं, ६.४ लिटरचं, ३२५ हॉर्सपॉवरचं व्ही-८ इंजिन घ्या. नाव जीटीओ. पहिल्याच वर्षी ती ३२ हजारांवर खपली. घेणारे बरेचसे तरुण होते, नुकतेच कमवायला लागलेले.

मसल कारची व्याख्या या व्यवहारातच आहे. अंगकाठी साधी, पोटात अवाजवी इंजिन, ताकद मागच्या चाकांना आणि किंमत पगारदार पोराच्या आवाक्यात. यातल्या शेवटच्या अटीकडे हल्ली कुणी बघत नाही. फेरारी वेगवान असते, पण तिला कुणी मसल कार म्हणत नाही, कारण तिथे ताकद ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच आणखी मिळते. मसल कारची खरी गंमत ताकद चुकीच्या हातात पडण्यात होती. आधी विम्याचे हप्ते वाढले, मग प्रदूषणाचे कायदे आले, १९७३ चं तेलसंकट आलं आणि तो काळ संपला. आपल्यापर्यंत पोहोचलं ते सिनेमातलं चित्र : १९७० ची काळी डॉज चार्जर आणि धूर सोडणारे टायर.

हे माप घेऊन आपल्या रस्त्यावर या. २०१६ मध्ये फोर्डने मस्टँग भारतात अधिकृतपणे आणली. पाच लिटरचं व्ही-८, ४०० च्या आसपास हॉर्सपॉवर, किंमत ६५ लाखांच्या घरात. गाडी तीच, पण इथे तिचा अर्थ उलटा झाला. अमेरिकेतल्या कारकुनाच्या पोराची गाडी इथे बिल्डरच्या पोराची झाली. माझ्या लेखी भारतातली मस्टँग मसल कार नाही, ती मसल कारची मूर्ती आहे.

आता थार. तिची वंशावळ खरी आहे. महिंद्रा कंपनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीप जोडू लागली आणि त्या जीपचे वंशज आमच्या कासा-सायवन रस्त्यावर आम्ही लहानपणापासून पाहिले. बाजाराच्या दिवशी आत माणसं, टपावर पोती, मागे फळीवर लटकलेली पोरं. हॉर्सपॉवर शंभराच्या बरीच खाली, तरी गाडी चढ चढायची. त्या जीपचं रूप तिच्या कामातून आलेलं होतं. चाकं मोठी, कारण रस्ता नव्हता. उंची जास्त, कारण वाटेत ओहोळ होते.

२०२० साली नवी थार आली. २.२ लिटरचं डिझेल किंवा दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, चारही चाकांना ताकद. इथवर रूप आणि काम जुळत होतं. पण जानेवारी २०२३ मध्ये ९.९९ लाखांपासून सुरू होणारी स्वस्त थार आली, तिची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे कराचा एक जुना नियम आहे : गाडी चार मीटरच्या आत आणि डिझेल इंजिन १५०० सीसीच्या आत असेल, तर कर कमी. थारची लांबी आधीच ३९८५ मिलिमीटर होती. तिच्यात दीड लिटरचं डिझेल बसवलं आणि चारपैकी दोन चाकांची ताकद काढून घेतली. टॉर्क, म्हणजे गाडी ओढणारा जोर, मोठ्या डिझेलइतकाच ३०० न्यूटन-मीटर राहिला. त्यामुळे ही गाडी नेभळट आहे असं मी म्हणणार नाही. पण उंची आणि रुंद टायर ज्या कामासाठी होते, ते काम आता तिच्याकडे नाही.

जीटीओशी तुलना करून बघा. तिथे नियम चुकवून साध्या गाडीत मोठं इंजिन घातलं. इथे नियम पाळून दांडग्या गाडीत लहान इंजिन घातलं. म्हणजे ही मसल कारची बरोबर उलटी प्रत आहे. ‘इंडियन मसल’ या शब्दांत मसल बॉनेटवर आला आणि बॉनेटखालून गेला.

मग खरी मसल कार आपल्याकडे झालीच नाही का? झाली, पण कुणी तिची रील केली नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावात बनणारी ‘अबार्थ पुंटो’ आली. दिसायला फियाटची नेहमीची हॅचबॅक, बाजूला थोडे पट्टे. आत १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल, १४५ हॉर्सपॉवर, किंमत ९.९५ लाख. त्या किमतीत एवढी ताकद दुसरं कुणी देत नव्हतं. ताकद पुढच्या चाकांना जाते म्हणून कर्मठ लोक तिला मसल म्हणणार नाहीत. मी म्हणतो. ती फार खपली नाही, कारण बघणाऱ्याला तिच्यात काही दिसत नव्हतं.

दुसरं नाव स्कॉर्पिओ-एनचं. २०२२ मध्ये ती ११.९९ लाखांपासून आली. पेट्रोल इंजिन २०० हॉर्सपॉवरचं, ताकद मागच्या चाकांना. अंगाने ती साधी नाही हे मान्य, पण तिची छाती पोकळ नाही.

आणि नव्या विजेच्या गाड्या? महिंद्राची बीई ६ घ्या. मोटर मागच्या चाकांवर, मोठ्या बॅटरीसोबत २८६ पीएस. पेडल दाबताक्षणी पूर्ण जोर, जो व्ही-८ ला कधीच जमला नाही. तांत्रिकदृष्ट्या हीच आजची मसल कार ठरायला हवी. पण विजेची मोटर आवाज करत नाही, म्हणून तिचे आवाज ए. आर. रहमानकडून करून घेतले. अमेरिकेतल्या विजेवरच्या डॉज चार्जरलाही खोटा एक्झॉस्टचा आवाज दिला आहे. २०२५ मध्ये बीई ६ ची बॅटमॅन आवृत्ती २७.७९ लाखांना आली आणि ९९९ गाड्या १३५ सेकंदांत बुक झाल्या. लोकांनी मोटर घेतली की पोशाख, हे त्या सेकंदांवरून कळतं.

माझा लेख इथे संपायला हरकत नव्हती. पण मी हे सगळं मामाच्या मुलाला सांगितलं. आम्ही वापीला शोरूम बघायला निघालो होतो, उधव्याच्या पुढे चहाला थांबलो होतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला,

“दादा, मी रोज बाईकवरून कंपनीत जातो. हायवेला ट्रकवाला हॉर्न मारून मला कडेला घालतो. गाडीवाला तर बघतच नाही. थार दिसली की तोच माणूस आरशात बघतो. इंजिन किती सीसीचं आहे ते त्याला कुठे दिसतं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ज्याला पोशाख म्हणून हिणवत होतो, तो त्याच्यासाठी गाडीचा सगळ्यात उपयोगी भाग होता. ज्याला रस्त्यावर कायम कडेला ढकललं जातं, त्याला बॉनेटखालच्या ताकदीआधी बॉनेटवरची लागते. शहरात बसून ‘दिखाऊ’ म्हणणं सोपं आहे, कारण तिथे आपण आधीच दिसत असतो.

तरीही माझी व्याख्या मला सोडवत नाही, फक्त तिच्यातला ‘आवाक्यात’ हा शब्द मी नीट वाचला नव्हता. जीटीओ घेणारा पोरगा पुढच्या महिन्याच्या पगारातून हप्ता भरायचा. गाडी भंगारात गेली तरी पगार चालू राहायचा. माझ्या भावाचे ९.९९ लाख पगाराचे नाहीत. ती जमीन आहे, आणि ती एकदाच विकली जाते. गाडीची किंमत शोरूमच्या पाटीवर रुपयांत असते, त्याच्या घरात ती गुंठ्यांत मोजावी लागेल. त्या मापाने थार मस्टँगइतकीच महाग आहे.

शोरूममध्ये तो गाडीत बसला, स्टिअरिंगवर हात ठेवला, मी फोटो काढला. फोटोत तो खरंच मोठा दिसत होता. मग आजीने पुढची सीट दुमडून मागे चढायचा प्रयत्न केला. एक पाय वर गेला, दुसरा जाईना. सेल्समन म्हणाला, “आजींना पुढे बसवा.” मामी म्हणाली, “मग मी कुठे बसू?”

परत आल्यावर रात्री मी त्याला व्हॉइस मेसेज केला. म्हटलं, गाडी वाईट नाही. घ्यायची तर घे, पण मसल कार म्हणून घेऊ नकोस, तुला जे हवंय त्याच्या नावाने घे. आणि निम्म्याहून जास्त पैशांना हात लावू नकोस. त्यात जुनी स्कॉर्पिओ येईल, आजीही बसेल.

निळ्या टिक लगेच आल्या, उत्तर सकाळी आलं : “आजीचं खरंय. बघतो.”

डीपीवर मात्र शोरूममधला फोटो लागला होता.