कुत्र्याच्या नजरेतून चाळीस वर्षं

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हँकुव्हर शहरात १९८२ साली केव्हिन नावाचे दोन तरुण एकत्र येऊन गाणी करू लागले. त्यांतला केव्हिन क्रॉम्प्टन 'सेव्हिन की' झाला. दुसऱ्याने, केव्हिन ओगिल्वीने, आपलं नाव उलटं लिहून 'निवेक' केलं आणि त्याला 'ओगर', म्हणजे राक्षस, हा शब्द जोडला. बँडला नाव दिलं 'स्किनी पपी', हडकुळं पिल्लू. जग एका कुत्र्याच्या नजरेतून कसं दिसत असेल ते आवाजात मांडायचं, ही त्यामागची कल्पना. पुढे ध्वनिमुद्रणात ज्याचा मोठा वाटा राहिला तो डेव्ह ओगिल्वी. आडनाव तेच, पण ओगरशी नातं काही नाही.

कुत्र्याची ही कल्पना मी मुद्दाम सुरुवातीलाच सांगतो आहे. इलेक्ट्रो-इंडस्ट्रियल, म्हणजे यांचा संगीतप्रकार, म्हटलं की लोकांना काळे कपडे, खोटं रक्त आणि कानठळ्या आठवतात, आणि या बँडबद्दल लिहिणारे पुष्कळ जण तिथेच थांबतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोन गाण्यांत बंद केलं होतं. परत वळलो तो पिल्लाची गोष्ट कळल्यावर. कुत्र्याला माणसाची भाषा उमगत नाही. त्याला उमगतो आवाजाचा चढउतार, दरडावणी, कडीची खडखड, लांबवर घरघरणारं यंत्र. स्किनी पपीचं संगीत असंच ऐकू येतं. शब्द अर्धेमुर्धे कळतात, भीती मात्र पुरती कळते. या नजरेशी ते इमान राखून होते तोवर त्यांचं संगीत मोठं झालं, आणि ते इमान ढळलं तिथे उणं पडलं, असं माझं मत आहे.

'इंडस्ट्रियल' हा शब्द संगीतात रुजवला तो लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसलने. १९७६ मध्ये त्यांनी आपल्या ध्वनिमुद्रिका कंपनीचंच नाव 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' ठेवलं. पुढे बर्लिनमध्ये आइनश्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटेन ही मंडळी पत्रे, ड्रिल आणि भंगार घेऊन मंचावर आली. या सगळ्या गोंगाटाखाली नाचता येईल असा ठेका नियमाने घातला तो नंतरच्या पिढीने. बेल्जियमच्या फ्रंट २४२ चा ठेका कवायतीचा होता, पावलं एकसाथ पडणारा. स्किनी पपीचा ठेका दचकून धावणाऱ्या प्राण्याच्या काळजासारखा. सेव्हिन की मुळात ड्रमवादक, 'इमेजेस इन व्होग' या न्यू वेव्ह बँडमध्ये तो वाजवत असे. त्यामुळे आवाजाचा कितीही चिखल झाला तरी त्याखालची लय सुटत नाही.

१९८४ चं 'रिमिशन' आणि १९८५ चं 'बाइट्स' आज ऐकताना जाणवतो तो मोकळेपणा. एक ड्रम मशीन, एक घुमणारा सिंथ, खर्जात वळवळणारी एक ओळ, आणि मधे भरपूर रिकामी जागा. त्या जागेत ओगर गुरगुरतो, कुजबुजतो, आणि त्याचा आवाज प्रतिध्वनीतून फिरून चार बाजूंनी परत येतो. 'असिमिलेट' या गाण्यातली खर्जाची ओळ एकदा सुरू झाली की अंगात भिनतेच. ही सगळी मुद्रणं व्हँकुव्हरच्याच 'नेटवर्क' या नव्या कंपनीने काढली. सारा मॅक्लॅकलनसारख्या मुलायम गळ्याच्या गायिकेचा पहिला अल्बमही १९८८ मध्ये याच घरातून आला.

सुरुवातीच्या काळात तिसरा गडी होता बिल लीब. १९८६ मध्ये तो बाहेर पडला आणि त्याने 'फ्रंट लाइन असेंब्ली' उभी केली. त्याच्या जागी एडमंटनचा ड्वेन गेटल आला, आणि खरा पालट इथे झाला. गेटलने पियानोचं अभिजात शिक्षण घेतलं होतं आणि सॅम्पलरवर त्याचा हात फार चांगला बसलेला होता. सॅम्पलर म्हणजे बाहेरचा कुठलाही आवाज पकडून पट्टीवर वाजवता येणारं यंत्र. सिनेमातला एखादा संवाद, दूरदर्शनवरची बातमी, लोखंडावरचा घाव, किंकाळी, काहीही त्यात घालावं आणि बोटाखाली आणावं. भयपटांतले तुकडे बँड आधीही वापरत असे. गेटल आल्यावर ते तुकडे सजावट म्हणून उरले नाहीत, गाण्याचा सांगाडाच त्यांचा होऊ लागला. १९८६ च्या 'माइंड: द पर्पेच्युअल इंटरकोर्स'मधलं 'डिग इट' घ्या. त्यातले घण ऐकताना कुणीतरी खड्डा खणतंय असंच वाटत राहतं. ट्रेंट रेझ्नरने 'नाइन इंच नेल्स'चं पहिलं गाणं 'डाउन इन इट' यावरूनच बेतलं आणि तसं मोकळेपणाने मान्यही केलं. १९८८ मध्ये नाइन इंच नेल्स स्किनी पपीच्या कार्यक्रमांत सुरुवातीचा बँड म्हणून वाजवत होते. नंतर लाखोंच्या गर्दीपर्यंत गेला तो आवाज या खड्ड्यातून निघालेला आहे.

आता १९८८ च्या अल्बमपाशी जरा थांबायला हवं. त्याचं नाव 'व्हिव्हिसेक्ट सिक्स'. रोमन लिपीत ते असं लिहिलं आहे की त्यात सहाचा आकडा तीनदा दिसतो, सैतानाचा म्हणून मानलेला ६६६. नावातच जिवंत प्राण्यांची चिरफाड आहे, आणि प्रयोगशाळांतल्या प्राण्यांवर होणारे अत्याचार हा अल्बमचा गाभा आहे. त्याच्या जोडीला एड्स आहे आणि विषारी वायूंचे हल्लेही आहेत.

यातलं 'टेस्चर' मी पुन्हापुन्हा ऐकत आलो आहे. ठेका सरळ आहे, पाय हलवणारा. वरून सिंथची एक चाल येते, आणि ती उदास आहे हे लक्षात यायला थोडा वेळ लागतो, कारण ठेका तिला पुढे ओढत असतो. ओगरचा गळा इथे नेहमीपेक्षा स्वच्छ आहे. आणि मधेमधे संवाद ऐकू येतात, ते 'द प्लेग डॉग्ज' या १९८२ च्या चित्रपटातले. रिचर्ड अ‍ॅडम्सच्या कादंबरीवरचा हा अ‍ॅनिमेशनपट. प्रयोगशाळेतून पळालेल्या दोन कुत्र्यांची ती कथा आहे. सुरुवातीलाच त्यांतल्या एकाला पाण्याच्या हौदात पोहत ठेवतात, तो किती वेळ तग धरतो हे मोजायला. दमून तो बुडतो, त्याला बाहेर काढून शुद्धीवर आणतात. हे पुन्हा करायचं ठरलेलंच असतं. एकदा हे दृश्य पाहिलं की 'टेस्चर'चा ठेका वेगळाच ऐकू येऊ लागतो. तो थांबत नाही आणि दम घेऊ देत नाही. नाचणाऱ्याचे पाय आणि हौदातले पंजे एकाच लयीत हलतात. नाचघरात वाजलेल्या एका गाण्याने एवढं काम करावं याला मी मोठी कला म्हणतो.

या अल्बमच्या दौऱ्यात ओगर मंचावर एका भुसा भरलेल्या कुत्र्यावर चिरफाडीचा देखावा करत असे. अमेरिकेत सिनसिनाटीला कुणा प्रेक्षकाला ते जनावर खरं वाटलं आणि त्याने पोलिसांना बोलावलं. ओगर आणि की यांना अटक झाली. या प्रसंगाचा किस्सा झाला आहे, पण मला त्यात एक वेदनाही दिसते. खोट्या कुत्र्यासाठी पोलीस धावून आले. खऱ्या कुत्र्यांच्या प्रयोगशाळांना कायद्याचा आधार होता, आणि गाण्यांचा सारा रोख तिकडेच होता.

ओगरच्या शब्दांबद्दल एक तक्रार नेहमी होते, की ते कळत नाहीत. वाक्य अर्धवट, क्रियापद गायब, शब्दांना शब्द चिकटलेले. मला ही उणीव वाटत नाही. हौदातल्या कुत्र्याने पूर्ण वाक्यात बोलावं अशी अपेक्षा धरता येणार नाही.

१९८९ चं 'रेबीज' मात्र मला फसलेलं वाटतं. 'मिनिस्ट्री' या बँडचा अल जोर्गेन्सन त्यात आला आणि त्याच्यासोबत गिटार आली. तियानानमेन चौकातल्या हत्याकांडाची सावली पडलेलं 'टिन ओमेन' जोरदार आहे, यात वाद नाही. पण गिटारचा राग हा माणसाचा राग आहे, छाती काढून उभा राहणारा. त्यात पिल्लाची नजर हरवते. अपवाद 'वॉरलॉक'चा. संथ, शोकाच्या वळणाने जाणारी चाल, कडव्यांत गुरगुर, आणि ध्रुपदात यंत्रातून गाळून आलेला, जवळजवळ प्रार्थनेसारखा गळा. त्यांनी लिहिलेली सर्वांत सुंदर चाल हीच.

१९९० च्या 'टू डार्क पार्क'ने तोल परत आणला. पिल्लाची जागा इथे उजाड होत चाललेल्या निसर्गाने घेतली. त्या काळी पर्यावरणावर भाबडी गाणी पुष्कळ निघत होती. यांनी झाडाचं दुःख गायलं नाही, विषारी माती आतून कशी खदखदत असेल ते ऐकवलं. एका मिनिटात दहा आवाज येऊन जातात, पण एकही उगाच आलेला नाही.

आणि मग १९९२ चं 'लास्ट राइट्स'. ओगर व्यसनाने पार खचला होता. की आणि गेटल संगीताचा मोठा भाग त्याच्याविना रचत होते. बँडमधला विश्वास संपत आला होता. ते सगळं या अल्बमच्या पोतात उतरलं आहे. इथे गाणी सुरू होतात आणि मधेच कोसळतात. दोन ठेके एकमेकांवर घसरतात. 'लव्ह इन व्हेन'मध्ये तारवाद्यांसारखा एक स्वर वर उचलला जातो आणि खालून आवाजांचा ढिगारा त्याला ओढत राहतो. दहावं गाणं तर अल्बमबाहेरच राहिलं, कारण त्यात एलएसडीचा प्रचारक टिमथी लीरी याचं ध्वनिमुद्रित बोलणं होतं आणि ते वापरायची परवानगी मिळाली नाही. शेवटी येतं 'डाउनलोड', जिथे गाणं म्हणावं असं काही उरत नाही, आवाजच हळूहळू विरघळत जातो. की आणि गेटल यांनी आपल्या पुढच्या प्रकल्पाला याच तुकड्याचं नाव दिलं. माझ्या लेखी इलेक्ट्रो-इंडस्ट्रियलमध्ये याच्या तोडीचा अल्बम आजवर झालेला नाही.

पुढचं सांगताना हात जड होतो. मोठ्या अमेरिकन कंपनीशी करार झाला आणि 'द प्रोसेस'साठी मंडळी कॅलिफोर्नियात मालिबूला गेली. निर्माते बदलत गेले, भांडणं वाढली, १९९४ च्या जानेवारीत भूकंपही झाला. १९९५ च्या जूनमध्ये ओगरने बँड सोडला. ऑगस्टमध्ये ड्वेन गेटल एडमंटनला आईवडिलांच्या घरी हेरॉइनच्या अतिसेवनाने गेला. तो ३१ वर्षांचा होता. अल्बम १९९६ मध्ये डेव्ह ओगिल्वीच्या हातून पुरा झाला आणि गेटलला अर्पण केला गेला. त्यात चांगल्या जागा आहेत, पण एका माणसाची अनुपस्थिती सगळीकडे ऐकू येते.

२००० साली ड्रेस्डेनच्या एका महोत्सवात ओगर आणि की पुन्हा एकत्र उभे राहिले. तिथून दुसरा अध्याय सुरू होतो. २००४ चं 'द ग्रेटर राँग ऑफ द राइट' आणि २००७ चं 'मिथमेकर' यांत आवाज लखलखीत आहे. संगणकावर कापून, घासूनपुसून जोडलेला. ओगर गातो, खरोखर गातो, आणि शब्द कळतात. राजकारण आता थेट आहे. या अल्बमांचे चाहते आहेत आणि त्यांचं म्हणणं मला समजतं. पण सगळं कळायला लागलं तेव्हा ती मुकी भीती गेली. जुन्या मुद्रणांत खरखर हाच अर्थ होता. तो या स्वच्छतेत पुसला गेला.

म्हणून २०१३ चं 'वेपन' महत्त्वाचं. पुन्हा जुन्या यंत्रांची बारीक, रुक्ष ओळ, पुन्हा रिकामी जागा. 'रिमिशन'मधलं 'सॉल्व्हंट' त्यांनी नव्याने करून यात घेतलं. पुढच्या वर्षी जी गोष्ट समोर आली तिने तर सारं वर्तुळ जुळलं. आपलं संगीत ग्वांतानामोच्या तुरुंगात कैद्यांचा छळ करायला, परवानगी न घेता, वाजवलं गेलं असं बँडला कळलं, आणि त्यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्याला ६,६६,००० डॉलरचं बिल पाठवलं. आकडा १९८८ च्या अल्बमचाच. ज्यांनी आयुष्यभर छळ सोसणाऱ्याच्या बाजूने आवाज रचला, त्यांचाच आवाज छळणाऱ्याच्या हाती गेला होता. बिलाचे पैसे येणार नाहीत हे उघड होतं. तरी ते पाठवणं मला त्यांच्या कुठल्याही गाण्याइतकंच मोलाचं वाटतं.

२०२३ मध्ये चाळीस वर्षांच्या निमित्ताने निरोपाचा दौरा करून स्किनी पपी थांबले.

ज्यांनी हे संगीत कधी ऐकलं नाही त्यांनी सुरुवात 'टेस्चर'पासून करावी, जमलं तर आधी 'द प्लेग डॉग्ज' पाहून. मग 'वॉरलॉक'. आणि मग एखाद्या रात्री, हेडफोन लावून, 'लास्ट राइट्स' पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत. शेवटचा तुकडा अकरा मिनिटांचा आहे. तो मधे बंद करू नका.